बटणं लावणाऱ्या बाई

गेली दोन वर्षं मी देवाजवळ रोज एकच गोष्ट मागत होते. तशी बाकीही बरीच मागायचे, मागण्याच्या बाबतीत मी कधी संकोच केलेला नाही. बाहेरगावी असलेल्या मुलीच्या नोकरीपासून ते आमच्या मजल्यापर्यंत पाणी चढण्यापर्यंत सगळं त्याच्या कानावर घालून झालेलं असायचं. पण सगळ्यात शेवटी, आमेन म्हणायच्या आधी, एक मागणी ठरलेली असायची, की माझ्या सासऱ्यांना माझं नाव आठवू दे. त्यांना बरं कर असं मी म्हणतच नव्हते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हा विसरण्याचा आजार मागे फिरत नाही, आणि मी शाळेत शिकवणारी बाई आहे, सांगितलेलं मला कळतं. मला फक्त एवढंच हवं होतं की एखाद्या संध्याकाळी त्यांनी मला नावाने हाक मारावी. तेवढंही मिळत नव्हतं. त्यामुळे मनात हळूहळू यायला लागलं होतं की पलीकडे कुणी ऐकतंय तरी का, की मी आपली रोज बंद दाराशी बोलतेय.

सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. ते जन्मभर मराठी शाळेत मास्तर होते. मी लग्न होऊन डोंबिवलीला आले तेव्हा जेमतेम बारावी झालेली होते, आणि घरात पाऊल टाकल्यावर महिनाभरात त्यांनी मला डी.एड.ला बसवलं. सून पुस्तक घेऊन बसली असताना तिला पोळ्यांसाठी कुणी उठवायचं नाही, असा त्यांचा घरात हुकूम होता आणि सासूबाईंनीही तो मोडला नाही. मला त्यांनी कधी सूनबाई म्हटलं नाही. नावानेच हाक मारायचे, तीही अशी की तीन घरांपलीकडे ऐकू जावी. आज मी जी काही आहे ती त्या हाकेमुळे आहे, असं मला वाटतं. म्हणून ती हाक बंद झाली तेव्हा मला जे वाटलं ते कुणाला सांगून कळण्यासारखं नव्हतं.

आजार आला तो पावलं न वाजवता आला. आधी चष्मा हरवायला लागला, मग गल्ली, मग माणसं. आणि घरात सगळ्यात आधी गेलं ते माझं नाव. मुलाचं नाव राहिलं, सासूबाईंना जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचं राहिलं, खालच्या गिरणीवाल्या पाटीलभाऊंचंसुद्धा राहिलं. डॉक्टर म्हणाले, घरात उशिरा आलेली माणसं आधी पुसली जातात, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. वाईट वाटून घेऊ नका असं सांगणं सोपं असतं. अप्पा मला "बाई" म्हणायला लागले, तेही अहो-जाहो करून. शाळेत दिवसभर पोरं बाई-बाई करत असतात, घरी येऊन पुन्हा तेच. हे, म्हणजे माझे मिस्टर, थट्टेने म्हणायचे की चला, तुझी बढती झाली. मी हसायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्त जोरात ठेवायचे.

आमच्या घरी संध्याकाळचं जेवण कधी गरम खाल्लं जात नाही, हेही इथे सांगायला हवं. ताटं वाढून झाली की अप्पा प्रार्थना करतात आणि ती प्रार्थना लांब असते. त्यांचा नियम असा की आधी उपकार, मग मागणी. आणि उपकार मोघम मानायचे नाहीत, नाव घेऊन मानायचे. "सगळ्यांसाठी" म्हटलं की कुणासाठीच नसतं, असं ते वर्गात सांगावं तसं आम्हाला सांगायचे. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंसाठी, त्या कढीपत्ता देतात म्हणून. पाटीलभाऊंसाठी, गिरणी चालू आहे म्हणून. पाणी सोडणाऱ्या माणसासाठी. चर्चच्या पाळकसाहेबांसाठी. आणि त्या शाळेच्या हॉलसाठी, जो आमच्या डोंबिवलीच्या मंडळीला दर रविवारी उपासनेसाठी मिळतो, कारण आमच्या मंडळीला स्वतःची इमारत नाही. एवढं सगळं होईपर्यंत भाताची वाफ गेलेली असायची. मी एक डोळा किलकिला करून आमटीवर धरणारी साय बघत बसायचे. नवल म्हणजे आजारात सगळं विस्कटलं, पण ही प्रार्थना जशीच्या तशी राहिली. सकाळी काय खाल्लं ते अप्पांना सांगता यायचं नाही आणि संध्याकाळी डोळे मिटले की अख्खी गल्ली ओळीने उभी राहायची.

त्या ओळीत मागच्या वर्षापासून एक नवीन माणूस आलं होतं. सगळ्यात शेवटी अप्पा म्हणायचे, "आणि बटणं लावणाऱ्या बाईंसाठी, पित्या, तुझे उपकार." त्या कोण ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. अप्पा लहानपणी नाशिककडच्या मिशनच्या बोर्डिंगात शिकले. तिथे थंडीच्या दिवसांत पहाटे सगळी पोरं रांगेत उभी राहायची आणि बोर्डिंगच्या मोठ्या बाई एकेकाच्या शर्टाची बटणं लावून द्यायच्या, कारण गारठ्याने पोरांची बोटं वळायची नाहीत. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की मलाही त्या बाई डोळ्यांसमोर दिसायच्या. त्यांचे आभार मानले जात होते याचा मला राग नव्हता, पण हेवा वाटायचा, हे लपवण्यात अर्थ नाही. कधीकाळच्या बोर्डिंगच्या बाई आठवतात आणि रोज समोर बसणारी मी नाही. मग मी आपली मागणी आणखी जोर लावून मागायचे.

अप्पा घरातून निघून गेले त्या दिवशी शनिवार होता आणि शाळेला सुट्टी होती. हे कोलशेतला कंपनीत सकाळच्या पाळीला गेले होते. मी अप्पांना आंघोळ घातली, पांढरा शर्ट चढवला, नाश्ता दिला आणि गव्हाचा डबा घेऊन खाली गिरणीत गेले. गिरणीत नंबर होता, पाटीलभाऊंशी दोन शब्द बोलले. वर आले तर दार नुसतं ओढलेलं. आत अप्पा नाहीत आणि त्यांच्या रविवारच्या चपलाही नाहीत. आधी वाटलं जोशीकाकूंकडे गेले असतील. मग बाग बघितली, मंडळी भरते त्या शाळेचं फाटक बघितलं, ओळखीची दुकानं बघितली. स्टेशनच्या जिन्याखाली बसणारा एक चांभार म्हणाला की पांढऱ्या शर्टातले एक आजोबा आता वर गेले, घाईत दिसत होते. गल्लीत हरवलेलं माणूस गल्लीत सापडतं. पण स्टेशनातून गेलेलं माणूस कुठल्या दिशेला शोधायचं?

हे कोलशेतहून धावत आले. पोलिसांत तक्रार दिली, दवाखाने पालथे घातले, कल्याणला गेले, परत आले, पुन्हा गेले. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी अप्पांचा फोटो टाकला तर हात जोडलेल्या चित्रांनी फोन भरून गेला आणि मला त्या एकेका चित्राचा राग येत होता. जोडलेले हात सोडा आणि कुणीतरी बाहेर पडून शोधा, असं लिहावंसं वाटत होतं. खरं तर बाहेर पडलेलेही खूप जण होते, ते मला नंतर कळलं. संध्याकाळी जेवणाच्या वेळी मी घरात एकटी होते. सवयीने पानं घेतली आणि अप्पांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून प्रार्थनेला डोळे मिटले. आधी उपकार, मग मागणी. पण उपकाराचा एक शब्द तोंडातून येईना. शेवटी मी घरचा नियम मोडला आणि सरळ म्हटलं, देवा, आज आभाराचं काही विचारू नकोस, फक्त माणूस परत आण. माझं नाव आठवलं नाही तरी चालेल. आमेन म्हणायचंही राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळकसाहेबांचा फोन आला की उपासनेला ये, आपण सगळे मिळून मागू. हे पुन्हा कल्याणच्या दवाखान्यांत गेले होते. मला जायची इच्छा नव्हती, पण घरात बसवतही नव्हतं, म्हणून गेले. आमच्या उपासनेत प्रार्थनेच्या वेळी ज्याला उपकार मानायचे असतील तो आधी उभा राहून बोलतो आणि मग ज्यांच्या विनंत्या असतील ते बोलतात. त्या दिवशी पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, आज आपण सरळ विनंतीला लागू. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या शांतामावशी उठल्या. मावशींचं वय झालंय, गुडघे धरून उठतात, आणि एकदा उठल्या की त्यांना बसवणं पाळकसाहेबांनाही जमत नाही. त्या म्हणाल्या, "अप्पा मास्तर इथे असते तर त्यांनी असं चालू दिलं नसतं. आधी उपकार." आणि डोळे मिटून त्यांनी देवाचे आभार मानले, की लग्नानंतर त्या या गावात आल्या तेव्हा त्यांना अक्षर येत नव्हतं आणि अप्पांनी त्यांना वाचायला शिकवलं.

त्यांच्यामागून दुसरं कुणी उठलं, मग तिसरं. कुणाच्या मुलाची फी माफ व्हावी म्हणून अप्पा कसे ऑफिसात जाऊन बसले होते, कुणाच्या आईच्या दफनाला भर पावसात सगळ्यात आधी कसे येऊन उभे राहिले होते. मी मान खाली घालून बसले होते आणि आतून पेटले होते. माणूस जिवंत आहे की नाही माहीत नाही आणि यांनी शोकसभा मांडली, असं मला वाटत होतं. पण ती माणसं बोलतच राहिली आणि बोलता बोलता अप्पा हॉलभर व्हायला लागले. काल सकाळपासून माझ्या डोळ्यांसमोर फक्त एक रिकामी खुर्ची होती. आता त्या खुर्चीत माणूस दिसायला लागला. केव्हा ते कळलं नाही, पण मी उभी राहिले होते. विनंती करायला उठले होते आणि तोंडातून आलं की पित्या, अप्पांनी मला डी.एड.ला बसवलं, पोळ्यांसाठी मला कुणाला उठवू दिलं नाही, मला नावाने हाक मारली, त्याबद्दल तुझे उपकार. मग म्हटलं, ते सापडले तरी तुझे आणि नाही सापडले तरी तुझेच आहेत. हे वाक्य मी ठरवून बोलले नाही. इतकी वर्षं मी प्रार्थना करते, पण हातातली वस्तू खाली ठेवावी तसं काही त्याच्यापुढे ठेवून दिल्याचं त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. मागणं तसंच होतं, पण मुठी उघडल्या होत्या.

मग पाळकसाहेबांनी सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि अप्पा सापडावेत म्हणून मोठी प्रार्थना केली. ती चांगलीच लांबली. आमेन झालं, आम्ही डोळे उघडले, तर हॉलच्या दारात खाकी शर्टातला एक रिक्षावाला उभा होता. चपला बाहेर काढून ठेवलेल्या, एका हातात मोबाईल, मान अदबीने झुकवलेली. पाळकसाहेबांनी काय हवंय म्हणून विचारलं तसा तो दोन पावलं आत आला आणि त्याने मोबाईल पुढे केला. "हे आजोबा तुमच्यातले का बघा जरा." फोटोत अप्पा एका ओट्यावर बसले होते, हातात चहाचा पेला, शर्ट अगदी नीटनेटका.

मला जोरात रडू आलं. शांतामावशींनी मला धरलं आणि कुणीतरी त्याला विचारलं की बाबा, तू कधीपासून उभा आहेस. तो संकोचून म्हणाला, "झाला बराच वेळ. पण सगळ्यांनी डोळे मिटलेले ना, मग मध्येच कसं बोलायचं?" आधी पाळकसाहेब आणि मग सगळेच हसायला लागले. आम्ही डोळे घट्ट मिटून देवाला सांगत होतो की अप्पांची खबर पाठव, आणि खबर दारात अनवाणी उभी राहून आमची प्रार्थना संपायची वाट बघत होती. आमच्या मंडळीत आता ही थट्टाच झाली आहे. लांब प्रार्थना सुरू झाली की शांतामावशी म्हणतात, एकाने डोळे उघडे ठेवा रे, दारात कुणी आलंय का बघायला.

त्या रिक्षावाल्याचं नाव विलास. त्याने सांगितलं की आजोबा खडवलीला त्याच्या बहिणीकडे, सुमनताईंकडे, सुखरूप आहेत. त्यांनी काल त्याला फोन करून सांगितलं की डोंबिवलीत एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी चर्च भरतं, ते शोध. तर विलास म्हणाला, ते कशाला शोधायला हवं, दर रविवारी तिथली भाडी मीच मारतो. सुमनताईंना हे कळलं कसं, ते त्यालाही नीट माहीत नव्हतं. मंडळीतल्या एकाने गाडी काढली, विलास वाट दाखवायला पुढे बसला, कल्याणला यांना बरोबर घेतलं आणि आम्ही खडवलीला निघालो. गाडीत हे माझा हात घट्ट धरून बसले होते.

सुमनताईंचं घर स्टेशनपासून जवळच, पुढे छोटं अंगण असलेलं. ओसरीच्या भिंतीवर बुद्धांची तसबीर आणि तिच्यापुढे ताजी फुलं. अंगणात अप्पा खुर्चीवर बसून सूप मांडीवर घेऊन वालाच्या शेंगा सोलत होते, जसे काही जन्मभर तिथेच राहत आले आहेत. मुलाला बघून म्हणाले, "आलास? बस. शेंगा आहेत." हे त्यांच्या पायाशी बसले आणि लहान मुलासारखे रडले. माझ्याकडे अप्पांनी नेहमीसारखं बघितलं, ओळखीचं हसले आणि म्हणाले, "या बाई." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा हाताला लागला, तेवढंच मला त्या वेळी पुरे होतं.

सुमनताईंनी चहा केला आणि मग सगळं सांगितलं. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांचे मिस्टर कामावरून परत आले तेव्हा अप्पा खडवली स्टेशनच्या बाकावर बसलेले होते. बहुतेक नाशिकच्या बाजूला, बोर्डिंगला जायचं म्हणून ते कसारा गाडीत बसले असावेत आणि मध्येच उतरले. का उतरले ते त्यांनाच ठाऊक. घर कुठे विचारलं तर ते आपलं लहानपणचं गाव सांगायचे, आणि त्या गावात आता आमचं कुणीच नाही. नवरा-बायकोने पोलीस चौकीत कळवलं, तिथे आमची तक्रार अजून पोहोचली नव्हती, आणि म्हाताऱ्या माणसाला बाकावर कसं ठेवायचं म्हणून घरी घेऊन आले. हातपाय धुवायला पाणी दिलं आणि भाकरी-आमटी वाढली.

"आम्ही हात घालणार तेवढ्यात बाबा म्हणाले, थांबा," सुमनताई सांगत होत्या. "आधी आमची दोघांची नावं विचारून घेतली. मग डोळे मिटले आणि जे सुरू झाले, ताई, काय सांगू. आम्ही पण हात जोडून बसलो. भाकऱ्या पार गार झाल्या." त्यांनी अप्पांकडे बघून पदराने डोळे टिपले आणि हसल्याही. विचारलेल्या एकाही प्रश्नाला ज्यांना उत्तर देता येत नव्हतं, ते त्या प्रार्थनेत आमच्या घराचा अख्खा पत्ता सांगून गेले होते. जोशीकाकूंचा कढीपत्ता, पाटीलभाऊंची गिरणी, डोंबिवलीची मंडळी, शाळेचा हॉल, रविवार. सुमनताईंनी मनात सगळं धरून ठेवलं. ज्या प्रार्थनेपायी मी इतकी वर्षं गार आमटी खाल्ली, तिचंच बोट धरून देवाने त्यांना घरी आणायचं ठरवलं होतं.

आणि मग सुमनताई म्हणाल्या, "सगळ्यात शेवटी ते म्हणाले, बटणं लावणाऱ्या बाईंसाठी उपकार."

हे लगेच म्हणाले, हो, त्या त्यांच्या बोर्डिंगच्या बाई, लहानपणच्या. सुमनताईंनी मान हलवली. "नाही हो दादा. मी विचारलं ना त्यांना. म्हटलं, बाबा, या बाई कोण? तर म्हणाले, आमच्या घरातल्या. रोज सकाळी माझी बटणं लावतात. मी त्यांचं नाव विसरलो, पण देवाला माहीत आहे. त्या मला शोधत असतील." मग त्या माझ्याकडे वळल्या. "त्या तुम्हीच ना? ते ऐकलं आणि मी तशीच उठून विलासला फोन लावला. म्हटलं, कुणीतरी शोधतंय यांना, सकाळपर्यंत कसं थांबायचं."

मी त्यांच्या ओट्यावर बसून राहिले. अप्पांची बोटं थरथरायला लागल्यापासून रोज सकाळी त्यांची बटणं मीच लावते. खालून सुरुवात करायची, वर गळ्यापर्यंत यायचं, तोवर ते हनुवटी वर करून शहाण्या मुलासारखे उभे असतात. शाळेच्या घाईत मी ते करते, निम्मं लक्ष घड्याळाकडे असतं. हे वाचणाऱ्या कुणालाही वाटेल की इतकं समोर असून हिला कळलं कसं नाही. खरंच कळलं नाही. मी माझ्या नावाच्या शोधात इतकी गुंतले होते की नावाशिवाय रोज माझेच आभार मानले जात होते, ते माझ्या कानांपर्यंत पोहोचलंच नाही. जे मी रोज रडून मागत होते, त्याच्याहून कितीतरी मोठं रोज जेवणाआधी माझ्या पुढ्यात वाढलं जात होतं आणि मी आमटीवरची साय बघत होते. मला आनंद झाला, लाज वाटली, आणि मग फक्त आनंद राहिला. अप्पांनी सोललेले दोन वाल माझ्या हातावर ठेवले आणि रडू नका बाई, म्हणाले.

याला चमत्कार म्हणावं की नाही यावर मी कुणाशी वाद घालत नाही. माझ्या शाळेतली एक मैत्रीण म्हणाली की चांगली माणसं भेटली, एवढंच. मी म्हटलं, हो, एवढंच, आणि एवढ्यासाठीच तर आभार मानायचे असतात. सुमनताई आणि त्यांचे मिस्टर नाताळात आमच्याकडे येतात, बुद्धपौर्णिमेला आम्ही त्यांच्याकडे खीर खायला जातो. विलास आता रविवारी भाडी सोडून थोडा वेळ दारात उभा राहतो, आणि आत ये म्हटलं तर म्हणतो, मी इथेच बरा, कुणाचा निरोप आला तर सांगायला. त्या तिघांची नावं मी आमच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत घातली आहेत. अप्पांना ते आठवत नाहीत, म्हणून ती मी घेते.

अप्पांचा आजार पुढे सरकतोच आहे. त्यांची प्रार्थना आता दर महिन्याला थोडी आखूड होते. आधी पाणी सोडणारा माणूस गळला, मग जोशीकाकू, मग गिरणी. जे नाव गळेल ते मी उचलते आणि पुढे म्हणते. मागणं मी सोडलेलं नाही, बाप असल्यावर लेकराने मागायचं नाही तर कुणी? पण आता आधी उपकार, नियमाप्रमाणे, आणि माझं नाव मी मागत नाही. ते हरवलेलं नाही. अप्पांनीच सांगितलंय ते कुणाकडे आहे.

परवा संध्याकाळी प्रार्थना करता करता अप्पा शेवटापाशी आले आणि थांबले. डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओठ हलले, पण बटणं लावणाऱ्या बाई काही आल्या नाहीत. हा दिवस येणार हे मला माहीत होतं. मग मी डोळे मिटले आणि म्हटलं, "आणि रोज सकाळी बटणं लावून घेणाऱ्या अप्पांसाठी, पित्या, तुझे उपकार." अप्पा खणखणीत आवाजात आमेन म्हणाले, आणि मग ताटाकडे बघून म्हणाले, "वाढा आता बाई, गार होतंय."